सालवड ते मुंबई : मुक्कामाचे अंतर

पालघर जिल्ह्यातील सालवड हे गाव बोईसरहून तारापूरकडे जाताना लागते. एका अंगाला औद्योगिक वसाहतीची धुराडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्राकडे उतरत गेलेली वाड्या-खाजणांची जमीन, अशा दोन जगांच्या सरहद्दीवर ते वसलेले असल्यामुळे यंत्र, पाळी आणि घड्याळ यांची ओळख करून घेण्यासाठी तेथील माणसाला आता कोणत्याही महानगरात जावे लागत नाही. तरीही मुंबईला आत्याकडे किंवा मामाकडे जावयाचे ठरले की त्या घरात जी लगबग सुरू होते ती अजून जुन्याच जातीची असते : माळ्यावरच्या पिशव्या खाली येतात, कोणासाठी काय न्यावयाचे याच्या याद्या होतात, आणि मुलांच्या परीक्षा, कारखान्यातील साप्ताहिक सुटी व मुंबईकरांची सवड या तिन्हींचा मेळ बसविण्यासाठी फोनवर वाटाघाटी चालतात. मग एका रविवारी पहाटे, अंधार सरण्यापूर्वीच, मोटार निघते; न्याहारीच्या वेळेला ती बोरिवलीला किंवा दादरला पोहोचते; आणि बहुधा त्याच रात्री, मध्यरात्रीच्या आत, सालवडला परतही येते.

त्याच रात्री परतण्याच्या ह्या प्रघातात गेल्या दोन-तीन पिढ्यांतील एक मोठा सामाजिक पालट दडलेला आहे. रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे हे अंतर भूगोलात होते तेवढेच राहिले. ते ओलांडण्याचा खटाटोप मात्र कमी कमी होत गेला, आणि नवल असे की त्यातून जो वेळ वाचला तो नातेवाइकांच्या पदरात पडला नाही. मुंबई जितकी जवळ आली, तितका मुंबईतील मुक्काम आखूड झाला. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे तर ह्या प्रवासाचा इतिहास, त्याची आजची वाट आणि पाहुणचाराचा बदललेला शिरस्ता या तिन्ही गोष्टी जरा तपशिलाने पाहावयास हव्यात.

नाते कसे जुळले

उत्तर कोकणच्या ह्या किनाऱ्याचे मुंबईशी असलेले दळणवळण आगगाडीपेक्षा पुष्कळच जुने आहे. जमिनीवरून जाणाऱ्याला वैतरणेची आणि वसईची अशा दोन रुंद खाड्या होडीने ओलांडल्याखेरीज गत्यंतर नसे. त्यामुळे तारापूर, सातपाटी, केळवे, अर्नाळा येथील लोकांचा खरा राजमार्ग म्हणजे समुद्र, आणि खरे वाहन म्हणजे मचवा वा पडाव. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई सर केल्यावर हा मुलूख पोर्तुगीज अमलातून सुटला. पुढे इंग्रजी अमदानीत तारापूरच्याच विकाजी मेहेरजी ह्या पारशी मक्तेदाराने जकातीचे मक्ते घेऊन एवढी पत मिळविली की त्या घराण्याची पेढी हैदराबादच्या निजामालाही कर्जे देऊ लागली. घर किनाऱ्यावर आणि नशीब दूरच्या राजधानीत, ही येथील माणसाची वहिवाट अशी आगगाडीच्याही आधीची आहे.

आगगाडीने ती सर्वसामान्यांसाठी खुली केली. १८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोचला, खाड्यांवर पूल झाले, आणि पालघर-बोईसरचा माणूस पाय न भिजविता मुंबईत उतरू लागला. गिरण्या, गोदी, छापखाने, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांना माणसे हवी होती. येथील कुटुंबांना रोख पैसा हवा होता. एका भावाने वाडी व भातशेती सांभाळावी आणि दुसऱ्याने परळ-लालबागच्या बाजूला खोली घेऊन चाकरी धरावी, अशी वाटणी घरोघर झाली. आणि आज ज्यांना आपण 'मुंबईचे काका' किंवा 'मुंबईची आत्या' म्हणतो, त्या नात्यांचा उगम बहुतेक ह्याच वाटणीत सापडतो.

नंतर प्रवाहाने दिशा बदलली. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरचे अणुवीज केंद्र, भारतातील पहिले, व्यावसायिक तत्त्वावर वीज पुरवू लागले. पुढच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली अशा गावांच्या शिवारांत पसरली. आणि ज्या गावातून माणसे नोकरीसाठी बाहेर जात, त्या गावात परप्रांतांतून माणसे नोकरीसाठी येऊ लागली. तिकडे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि गिरणगावाचा कणा मोडला. चाळीतले काका निवृत्तीच्या पैशांतून नालासोपाऱ्याला किंवा विरारला सरकले, त्यांच्या मुलांनी दहिसर-बोरिवलीला घरे केली, आणि अशा रीतीने नातलगच बरेच पुढे येऊन आपल्याला सामोरे आले. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा, राज्यातील ३६ वा, अस्तित्वात आला, आणि जिल्हा कचेरीतील दाखल्या-तक्रारींसाठी ठाण्यापर्यंत करावयाची खेपही टळली. कामानिमित्त घडणारी शहराची वारी आणि तिच्या जोडीने सहज घडणारी नातलगांची भेट या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून सुटल्या. आता भेटीसाठीच जावयाचे असेल तर तसे ठरवावे लागते.

पोस्टकार्डाचा काळ

पूर्वीची वारी पोस्टकार्डाने सुरू होई. अमुक तारखेच्या गाडीने मंडळी निघत आहेत, एवढाच मजकूर असे. 'येऊ का' असा प्रश्न त्यात नसे, कारण तो विचारणे हाच परकेपणा समजला जाई. गाड्या मोजक्या, सामान अवजड, बरोबर लहान मुले, आणि उलट वाट तेवढीच लांब; तेव्हा त्याच दिवशी परतण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. आठ दिवसांचा, पंधरा दिवसांचा मुक्काम हा स्नेहापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकाने लादलेला असे. स्नेह त्या मुक्कामात नंतर उगवे.

आणि तो मुक्काम होई कोठे? बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बी. डी. डी.) १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांतील एका बिऱ्हाडाच्या वाट्याला येणारी खोली १६० चौरस फुटांची होती. ह्या खोलीत घरची सहा-सात माणसे आधीच असत, आणि त्यांत गावाकडची पाच माणसे येऊन मिसळत. रात्री पुरुषमंडळींची अंथरुणे व्हरांड्यात पडत, बायकामुले आत झोपत, पहाटे नळावर घागरींची आणि संडासापुढे माणसांची रांग लागे, आणि पाहुण्यालाही त्या रांगेत आपला क्रमांक धरावा लागे. पहिल्या दिवशी पाहुण्याची बडदास्त राखली जाई. दुसऱ्या दिवशी त्याला चहाबरोबर केवळ बटर मिळे. आणि तिसऱ्या दिवशी आत्या त्याच्या हाती पिशवी देऊन रेशनच्या दुकानावर पिटाळी. ह्या तिसऱ्या दिवसाचे महत्त्व फार मोठे होते. त्या दिवशी पाहुणा घरचा होई, त्याच्यापुढे घरातील भांडणे झाकून ठेवण्याचे कारण उरत नसे, कर्जाचा आकडा आणि मुलीच्या स्थळाची अडचण रात्रीच्या अंधारात हलक्या आवाजात सांगितली जाई, आणि गावाकडच्या जमिनीचा, वाटणीचा, देवाच्या कार्याचा जो निकाल पत्रोपत्री वर्षभर लागत नसे, तो गॅलरीच्या कठड्याला टेकून अर्ध्या तासात लागे.

मुलांचे शहरदर्शनही ह्या मुक्कामातच उरके. राणीच्या बागेतील हत्ती, कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट, चौपाटीवरची भेळ आणि १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय हा ठराविक क्रम असे. त्या मत्स्यालयात काचेमागे तरंगणाऱ्या माशांकडे मुंबईची मुले विस्मयाने पाहत, तर किनाऱ्यावरून आलेली मुले त्यांची नावे सांगत आणि कालवणाला कोणता चांगला लागतो याची चर्चा करीत. एरवी शहरात प्रत्येक गोष्ट मुंबईच्या भावंडाकडून शिकून घ्यावी लागे. येथे काही क्षणांपुरते गुरुपद गावाकडे येई.

ह्या नात्याला आणखी एक बाजू होती, आणि ती चौपाटीपेक्षा पुष्कळ गंभीर. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून, आणि त्याच्या जवळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून, साऱ्या कोकणच्या दुखण्यांचे अखेरचे आश्रयस्थान होऊन राहिले होते. गावाकडे ज्या आजाराला उपाय उरला नाही, तो घेऊन माणूस परळला येई. खाट रुग्णालयात मिळे, पण रोग्याबरोबर आलेल्याला रात्रीचा आसरा, दोन वेळचा डबा, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखविणारा जाणता आणि 'घाबरू नका' म्हणणारा आवाज हे सारे चाळीतल्या त्याच खोलीतून येई. मुंबईतील नातलगाचे घर ही गावाकडच्या कुटुंबाची धर्मशाळा, पेढी आणि वकिलाची कचेरी होती, आणि तिचे भाडे तांदळाच्या पोत्यात, सुक्या बोंबलांच्या जुड्यांत आणि चिकूंच्या करंड्यांत चुकते केले जाई.

आजची वाट

आज ह्याच वाटेने मोटार जाते. ज्यांच्या घरी स्वतःची गाडी नाही ते सात-आठ माणसे मावतील अशी गाडी भाड्याने ठरवितात, कारण माणशी हिशेब केला तर ती परवडते आणि आजीला फलाटावरचा जिना चढावा लागत नाही. सामानाची यादी मात्र फारशी बदललेली नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू, २०२१ साली ते मानांकन मिळालेला वाडा कोलम तांदूळ, उन्हाळ्यात ताडगोळे, पावसाच्या तोंडाला शेवळं, आणि बाराही महिने सुका जवळा व बोंबील. पापलेट मिळाले तर ते बर्फात घालून न्यावयाचे. २०२३ मध्ये शासनाने त्याला राज्यमाशाचा मान दिला खरा, पण मुंबईच्या बाजारातील त्याचा भाव ऐकला म्हणजे सातपाटीची पाटी घेऊन येणारा पाहुणा त्याहून मोठ्या मानाला पात्र ठरतो. माशांच्या डब्यावर वर्तमानपत्रांचे किती थर द्यावेत, यावर गाडी निघेपर्यंत मतभेद चालू राहतात.

बोईसरहून पूर्वेला जाणारा रस्ता सूर्या नदी ओलांडून चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. हाच पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८; नव्या क्रमवारीत त्याला ४८ हा आकडा मिळाला. फाट्यावरून दक्षिणेला वळले की मनोर येते, मग वैतरणेचा पूल, ढेकाळ्याचा चढ, खानिवड्याजवळ तानसा नदी आणि टोलनाका, आणि पुढे शिरसाड फाटा. येथून डावीकडे गेलेली वाट वज्रेश्वरीला पोहोचते. वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी नवस फेडण्यासाठी तेथे देवीचे मंदिर बांधविले, आणि ज्या कुटुंबात एखादी सासू वा आजी अद्याप अधिकारपदावर आहे, त्या कुटुंबाची मोटार 'आलोच आहोत तर' ह्या न्यायाने तिकडे तासभर वळते.

ह्या वाटेवरच्या तीन नद्यांकडे खिडकीतून पाहणाऱ्या मुलांना त्यांचा वृत्तान्त सांगितला पाहिजे, कारण पाहुणा आणि यजमान यांच्यातील खरा व्यवहार त्यांच्या पाण्यातून वाहत असतो. तानसेवर १८९२ साली धरण पूर्ण झाले. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा उभे राहिले. आणि ह्या जलाशयांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईकडे जाते. सूर्येच्या पाण्यावरील नव्या प्रादेशिक योजनेची रोजची क्षमता ४० कोटी ३० लाख लिटरांची असून तिचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ह्या शहरांसाठी आहे. दारात पाऊल ठेवताच वहिनी जो पाण्याचा तांब्या पुढे करते, तो ज्या नद्यांच्या पाण्याने भरलेला असतो त्या पाहुण्याने वाटेतच ओलांडलेल्या असतात. घरातला दिवाही काही अंशी तारापूरच्या विजेवर जळत असावयाचा. गावाकडून शहराला काय जाते याची यादी चिकू-तांदळाच्या पिशवीपाशी संपत नाही, आणि हे ध्यानात ठेवले तर शहरातल्या घरी पाहुणा म्हणून जाताना संकोचाने अंग चोरण्याचे कारण उरत नाही.

विरार फाटा आणि वसई फाटा मागे पडले की वाटेची खरी परीक्षा सुरू होते. मालजीपाडा आणि ससूनवघर ह्या भागांत, विशेषतः पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले म्हणजे, वाहनांच्या रांगा लागतात. त्यानंतर वसईच्या खाडीवरील वरसावे पूल येतो. कित्येक वर्षे ह्या पुलावर प्रवाशांच्या सहनशक्तीची मोजदाद होत असे. २०२३ मध्ये जोडीचा नवा पूल खुला झाल्यापासून तो जाच पुष्कळ सौम्य झाला आहे. पूल उतरल्यावर घोडबंदरचा तिठा, काशिमिरा, आणि मग दहिसर.

दहिसर हे मुंबईचे जुने वेशीचे ठिकाण. मालावर जकात घेण्याचा मुंबई महापालिकेचा अधिकार वस्तू व सेवा कर लागू होताच १ जुलै २०१७ पासून संपला आणि नाक्यावरची मालमोटारींची झडती थांबली; हलक्या वाहनांचा टोल मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर १५ ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला. म्हणजे विकाजी मेहेरजींच्या काळापासून ज्या मार्गांवर प्रत्येक जिन्नसाचा हिशेब द्यावा लागे, तेथून आज चिकूची करंडी काहीही न देता आत जाते. वाटेतील खानिवड्याचा टोल मात्र द्यावा लागतो, आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा असल्यामुळे काचेवरील चिठ्ठीत पैसे शिल्लक आहेत की नाहीत याची रुजुवात आदल्या रात्रीच करून ठेवलेली बरी.

निघण्यापूर्वी आणखी दोन गोष्टींचा बंदोबस्त अवश्य करावा. पहिली, मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. ह्याच महामार्गावर, चिल्हार फाट्याच्या उत्तरेस चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातात अंत झाला. मागील आसनावरील दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात सांगण्यात आले. आजी-आजोबांना मध्ये, मुलांना मांडीवर आणि पिशव्यांना जेथे जागा उरेल तेथे, अशी आपली आसनव्यवस्था असते. तिच्यातील मायेचा भाग वजा न करता पट्ट्याची सवय लावता येते. दुसरी गोष्ट म्हणजे महामार्गावरील मदतीसाठी असलेला १०३३ हा दूरध्वनी-क्रमांक घरातील एकाच्या नव्हे, सर्वांच्या मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा.

दारात पोहोचल्यावर

आज मुंबईचे दार दोन ठिकाणी असते : एक सोसायटीच्या फाटकावर आणि दुसरे सातव्या किंवा सतराव्या मजल्यावर. फाटकावरचा रखवालदार नाव, गाडीचा क्रमांक आणि कोणाकडे जावयाचे ते विचारतो, वर फोन लावून खातरी करून घेतो, आणि मोटार कोठे उभी करावी ह्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत पाहुण्यांची निम्मी तुकडी पिशव्यांसह लिफ्टने वर पोहोचलेली असते. वर स्वागत मात्र पूर्वीसारखेच घडते. 'वाटेत गर्दी लागली का', 'आईच्या गुडघ्यांचे काय', 'अरे, हा केवढा वाढला' ह्या प्रश्नांना उत्तरे मिळण्यापूर्वीच चहा येतो, पिशव्या उघडल्या जातात, शेवळं निवडावी कशी याचे शिक्षण नव्या सुनेला दिले जाते, आणि दुपारच्या जेवणात पापलेटाची तुकडी कोणाच्या ताटात अधिक पडली यावर जुन्याच थट्टा नव्याने होतात.

चारच्या चहाला पहिली चुळबुळ सुरू होते. गाडी चालविणारा भाचा घड्याळाकडे पाहतो. 'निघावं म्हणतो आत्या, उद्या पहिली पाळी आहे.' आत्या म्हणते, 'राहायला आला होतात की तोंड दाखवायला?' हा प्रश्न तक्रारीचा असतो, तरी त्यात आग्रह पूर्वीइतका नसतो, कारण उद्या सोमवार आहे, सुनेला सातच्या गाडीने कचेरी गाठावयाची आहे आणि नातवाची शिकवणी आहे, हे आत्यालाही ठाऊक असते. पाहुणा यजमानाला त्रास नको म्हणून उठतो. यजमान पाहुण्याची अडचण नको म्हणून अडवीत नाही. दोघांच्याही मनात सद्भावनाच असते, आणि ह्या दोन सद्भावनांच्या मध्ये रात्रीचा मुक्काम नाहीसा होतो.

मुक्काम आखूड होण्याचे कारण जागेची टंचाई हे असावे, असे वरवर वाटते. पण ते खरे नव्हे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टात पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, म्हणजे जुन्या खोलीच्या तिप्पट जागा झाली. १६० चौरस फुटांत जो पाहुणा आठ दिवस मावत होता, तो ५०० चौरस फुटांत एक रात्र मावत नाही, याचा दोष भिंतींवर टाकता येणार नाही. चाळीतील व्हरांडा हा कोणा एकाचा नव्हता, म्हणून तेथे झोपणारा पाहुणा कोणाच्याही खाजगीपणात शिरत नव्हता. नव्या घरात प्रत्येक खोलीला मालक आहे, आणि पाहुणा आला की त्या मालकाला आपला दरवाजा सोडावा लागतो. दुसरे कारण खाली उभी असलेली मोटार हे आहे. आगगाडी चुकली तर राहणे भाग पडे, आणि त्या सक्तीआड पाहुण्याचा संकोच व यजमानाची ओढगस्त दोन्ही झाकली जात. मोटारीला चुकण्याचे स्वातंत्र्य नाही. ती केव्हाही निघू शकते, आणि जी केव्हाही निघू शकते ती लवकरच निघते. तिसरे कारण सालवडकडचेच आहे : शेतीत दोन दिवस इकडेतिकडे झाले तर भागते, कारखान्याच्या हजेरीपत्रकात भागत नाही.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गाताना त्या काळात काय नव्हते हेही सांगितले पाहिजे. सालवडची मुलगी दादरला दिली तर तिला माहेर वर्षातून एकदा, फार तर दोनदा दिसे, आणि तेही सासूची परवानगी, दिराची सोबत आणि गाडीची वेळ हे तिन्ही जुळून आले तर. आज तीच मुलगी मनात आले की रविवारी येते आणि आईच्या हातचे जेवून संध्याकाळी परतते. ज्या आजीला जिना चढवत नाही, तिने मोटार नसती तर भावाचे नवे घर पाहिलेच नसते. रात्री दहाला दुःखद निरोप आला तर पूर्वी पहाटेच्या गाडीची वाट पाहत बसावे लागे आणि अंत्यदर्शन हुकत असे. आता दोन-तीन तासांत माणूस खांदा द्यायला पोहोचतो. आठ दिवसांच्या त्या मुक्कामाचा भार कोण वाहत असे, हाही हिशेब चुकविता येणार नाही : बारा माणसांचा स्वयंपाक एका स्टोव्हवर करणारी, सर्वांच्या मागून जेवणारी आणि सर्वांच्या आधी नळावर उभी राहणारी ती गृहिणी, जिच्या अगत्याची कीर्ती गावभर होती पण जिच्या विश्रांतीची चौकशी कोणी केली नव्हती. मुक्काम पुन्हा लांबवावा असे म्हणणाऱ्याने तिचा भार कसा वाटून घेणार, हे आधी सांगावे.

म्हणून मागणी माफक असावी. आठ दिवस आज कोणालाच परवडणार नाहीत. पण वर्षातून एकदा शनिवारची एक रात्र परवडते. ती तारीख महिनाभर आधी ठरवावी, आणि यजमानाच्या सवडीने ठरवावी. जाताना अंथरुणे-पांघरुणे गाडीतून न्यावीत, कारण मोटारीने दिलेल्या सोयींपैकी ही सर्वांत उपयोगाची असून तिचा उपयोग कोणी करीत नाही. एक वेळचे जेवण पाहुण्यांनी रांधावे, भांडी पुरुषांनी घासावीत, आणि सकाळी दूध आणण्यासाठी पाहुण्यालाच पिटाळावे. रेशनच्या पिशवीने तिसऱ्या दिवशी साधत असलेले काम दुधाच्या पिशवीने दुसऱ्या सकाळीच साधेल. मुलांना त्या एका रात्रीत मॉल दाखविण्यापेक्षा भावंडांबरोबर जागू द्यावे, आणि मोठ्यांनी, लोन किती राहिले आहे आणि मुलगा अलीकडे गप्प का असतो, हे प्रश्न चहाच्या वेळी न विचारता रात्रीच्या जेवणानंतर विचारावेत. दिवसा त्यांना मिळणारे उत्तर औपचारिक असते. शिवाय ही वाट दुहेरी आहे. मुंबईकरांना पहिल्या पावसात सालवडला राहावयास बोलवावे, आणि तेही पूर्वीच्या पोस्टकार्डाच्या पद्धतीने, म्हणजे प्रश्न न विचारता तारीख कळवून.

अहमदाबादकडे जाणाऱ्या बुलेट ट्रेनची महाराष्ट्रातील चार स्थानके वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही आहेत. ती धावू लागली की मुंबई आणखी जवळ येईल, आणि आजवरचा अनुभव प्रमाण मानला तर आत्याची भेट एका चहावर येऊन ठेपेल. शेवटची गाडी गेली, आता सकाळीच निघा, असे सांगून पाहुण्याला थांबविण्याचे काम पूर्वी वेळापत्रक करीत असे. ते आता कोणतेही वाहन करणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी गाडी ठरविण्यापूर्वी रात्र ठरवावी.